टेलव्हीलचं विमान आधी शिकावं की नंतर?

पालकांचं पत्र थोडक्यात : मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे, गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही आहेत. पायलट व्हायचं म्हणतो. व्हिडिओ पाहून पाहून त्याच्या मनाने घेतलंय की उडवायला शिकायचं तर शेपटीला चाक असलेल्या छोट्या विमानावरच. आमचे एक नातेवाईक म्हणतात, ती विमानं जमिनीवरच गिरकी घेऊन मोडतात. एका एजंटाने परदेशातलं ‘टेलव्हीलसह कमर्शियल लायसन्स’ असं पॅकेज सांगितलंय, पण सगळी फी आधी भरा म्हणतो. त्यासाठी दोन एकर विकावी लागेल. काय करावं? – एक पालक, जि. परभणी

नमस्कार,

पहिली गोष्ट, जमिनीला हात लावू नका. निदान मुलाची वैद्यकीय तपासणी होईपर्यंत तरी नाही. आधी डीजीसीएने (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून क्लास २ मेडिकल करून घ्या, ते झालं की क्लास १. कमर्शियल लायसन्ससाठी क्लास १ लागतंच. रंग ओळखण्यात दोष निघाला किंवा हृदयाच्या आलेखात काही वेगळं दिसलं, तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं. विकलेली जमीन परत येत नाही.

आता चिरंजीवांच्या हट्टाबद्दल. तो चुकीचा नाही, फक्त क्रम चुकलाय. आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये आज बहुतेक सेसना १५२, सेसना १७२, डायमंड डीए-४० अशी विमानं असतात. या सगळ्यांना पुढे नाकाखाली चाक असतं, म्हणून ती नोजव्हीलची विमानं. पूर्वी चित्र उलटं होतं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथमधून, आणि ते शेपटीवर टेकणारं विमान होतं. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडालं, तेही टेलव्हीलचंच. हवाई दलाचे वैमानिक त्यावर शिकले, तर फ्लाइंग क्लबांतली मुलं पुष्पक नावाच्या छोट्या विमानावर. ती विमानं आता रोजच्या शिक्षणात नाहीत. तेव्हा भारतात राहून पहिल्या तासापासून टेलव्हील शिकण्याचा आग्रह धरला, तर वर्ष-दोन वर्षं शोधण्यातच जातील.

माझं मत असं : कमर्शियलचं शिक्षण नोजव्हीलवर रीतसर पूर्ण करावं आणि मग टेलव्हीलचे आठ-दहा तास वेगळे घ्यावेत. लायसन्स असलेल्याला साधारण ५ ते १० तासांत मूलभूत टेलव्हील जमतं. अमेरिकेत त्यासाठी इन्स्ट्रक्टर लॉगबुकात वेगळी नोंद करून देतो. ती देण्याआधी साधं आणि आडव्या वाऱ्यातलं टेक-ऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (पुढची दोन चाकं आधी टेकवून उतरणं) आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) शिकवलेलं असावं लागतं. नोकरीच्या दृष्टीने खरं सांगायचं तर भारतात टेलव्हील पायलटची वेगळी भरती होत नाही. एअरलाइन त्याचे जास्त पैसेही देत नाही. फायदा होतो तो पायांना, म्हणजे रडरच्या (शेपटीवरच्या, पायाने हलवायच्या सुकाणूच्या) सवयीला, आणि ती सवय पुढे कुठल्याही विमानात उपयोगी पडते.

पुढचा भाग चिरंजीवांनी स्वतः वाचावा.

तू व्हिडिओत पाहतोस त्या विमानांची दोन मोठी चाकं पुढे असतात आणि वजनाचा मध्य त्यांच्या मागे. सगळा गुण-दोष एवढ्यातच आहे. नोजव्हीलच्या विमानात हा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. त्यामुळे उतरताना विमान थोडं तिरकं टेकलं तरी पुढचं वजन त्याला आपोआप सरळ ओढतं. टेलव्हीलमध्ये तेच वजन मागून ढकलतं. नाक दोन अंश फिरलं की वजन ते चार करतं, चारचे आठ. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना तू हे पाहिलं असशील. ट्रॉली जरा तिरकी झाली आणि स्टिअरिंग वेळेत वळवलं नाही, तर ती कात्रीसारखी दुमडते. तिथलं कारण वेगळं आहे, पण हाताला येणारा अनुभव तोच. विमानाची अशी गिरकी म्हणजे ग्राउंड लूप. तुमचे नातेवाईक सांगतात ते हेच. त्यात बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय मोडतो, कधी प्रोपेलर टेकतो. प्रोपेलर टेकला की इंजिन उघडून तपासावं लागतं आणि बिल मोठं येतं. माणूस बहुतेक वेळा सुखरूप बाहेर येतो, विमान मात्र महिनोन्महिने हँगरमध्ये पडतं.

यावर उपाय पायांत आहे. रडरचे पेडल दाबून धरायचे नसतात. डावा, उजवा, डावा असे छोटे छोटे टोले सतत द्यायचे आणि प्रत्येक वेळी पाय मधोमध परत आणायचा. शिकाऊ दोन चुका हमखास करतो. एक, नजर नाकाजवळ ठेवतो, त्यामुळे वळण सुरू झाल्याचं उशिरा कळतं. नजर धावपट्टीच्या पार शेवटच्या टोकावर ठेव, म्हणजे एका अंशाचा फरकही दिसतो. दोन, उशिरा कळल्यामुळे घाबरून पेडल तळाशी दाबतो. विमान सरळ होतं आणि मग दुसऱ्या बाजूला त्याहून जोरात जातं. पहिला टोला लहान आणि वेळेवर पडला, तर दुसरा मोठा द्यावाच लागत नाही.

सर्वांत कठीण वेळ टेकण्याची नसते, टेकल्यानंतरची असते. वेग उतरत जातो तसा रडरवरून जाणारा वारा कमी होतो आणि रडर बोथट होतं. त्या वेळी स्टिक (विमान चालवायची हातातली दांडी) पोटाशी पूर्ण मागे धरायची, म्हणजे शेपटीचं चाक जमिनीवर दाबलेलं राहतं आणि वळण त्याच्या ताब्यात येतं. नेमकं इथेच शिकाऊ ‘उतरलो बाबा’ म्हणून सैल पडतो, आणि बऱ्याच ग्राउंड लूप इथेच होतात. ब्रेक जपून वापर. जोरात दाबलास तर शेपटी वर येऊन नाक जमिनीत जातं.

जमिनीवर चालवणं हा वेगळाच धडा आहे. नाक वर असल्यामुळे समोरचं दिसत नाही, म्हणून नागमोडी जायचं : डावीकडे वळून उजव्या खिडकीतून पुढचं पाहायचं, मग उलट. स्टिक कुठे धरायची ते वारा सांगतो. वारा पुढून डावीकडून येत असेल तर स्टिक डावीकडे आणि मागे. मागून डावीकडून येत असेल तर उजवीकडे आणि पुढे. हे तोंडपाठ असून भागत नाही. वळण घेताना वारा बाजू बदलतो, तसा हातही बदलला पाहिजे. चांगला इन्स्ट्रक्टर पहिल्या तासाचा मोठा भाग नुसत्या टॅक्सीवर, म्हणजे जमिनीवर चालवण्यावर घालवतो. तुला कंटाळा येईल, पण तो तास वाया गेला असं समजू नकोस.

टेक-ऑफला शेपटी वर उचलली की विमान एका बाजूला ओढतं. फिरणाऱ्या प्रोपेलरचा अक्ष खाली झुकवला की तो भोवऱ्यासारखा नव्वद अंश बाजूला ताकद दाखवतो. कॉकपिटमधून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, तर ओढ डावीकडे असते आणि उजवा पाय लागतो. कब, सिटाब्रिया यांसारख्या अमेरिकन विमानांत असंच आहे. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचा प्रोपेलर उलट फिरतो, म्हणून तिथे ओढ उजवीकडे. नवीन विमानात बसताना प्रोपेलर कुठल्या दिशेने फिरतो हे आधी विचार. शेपटी हळू उचल, झटक्याने नको. झटका जितका मोठा, तितकी ओढ मोठी.

उतरण्याच्या पद्धती दोन. थ्री-पॉइंटमध्ये तिन्ही चाकं एकदम टेकतात आणि वेग सर्वांत कमी असतो. व्हील लँडिंगमध्ये पुढची दोन चाकं आधी टेकतात, वेग थोडा जास्त असतो, आणि टेकल्या क्षणी स्टिक किंचित पुढे देऊन चाकं दाबून ठेवायची. दोन्ही शिकलंच पाहिजे. यातली कुठली श्रेष्ठ यावर जुने पायलट भांडत बसतात. तू त्यात पडू नकोस, आधी थ्री-पॉइंट पक्कं कर. विमान जोरात टेकलं तर उसळतं. मुख्य चाकं अडतात, मागचं वजन खाली जातं, शेपटी खाली गेली की पंखाचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत. अशा वेळी स्टिक पुढे ढकलणं म्हणजे प्रोपेलर जमिनीत घालणं. उसळी छोटी असेल तर स्टिक धरून ठेव, थोडी पॉवर दे, परत बसू दे. मोठी असेल तर पूर्ण पॉवर आणि गो-अराउंड.

आडव्या वाऱ्याचं गणित आत्तापासून पाठ कर. वारा धावपट्टीशी ३० अंशात असेल तर त्याचा निम्मा आडवा लागतो, ४५ अंशात सुमारे ७० टक्के, ६० अंशात ८७ टक्के. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी ०९-२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात वारा २४० अंशांवरून १५ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) आला, तर धावपट्टी २७ वर, म्हणजे २७० अंशांकडे तोंड करून उतरताना, आडवा भाग साडेसात नॉट होतो. नवख्याने टेलव्हीलमध्ये सुरुवातीला ५ नॉटच्या पुढे एकट्याने जाऊ नये. उतरताना वाऱ्याकडचा पंख खाली आणि विरुद्ध पायाचं रडर. आधी वाऱ्याकडचं चाक टेकतं, मग दुसरं. वेग उतरेल तशी स्टिक वाऱ्याकडे वाढवत नेऊन शेवटी पूर्ण त्या बाजूला.

आपल्या भागाचा उन्हाळा वेगळा लक्षात ठेव. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट. तिथलं प्रमाण तापमान ११ अंश, आणि मे महिन्यात दुपारी ४२ अंश असेल तर घनतेच्या हिशेबाने विमान साधारण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. वेगाच्या काट्यावर ४५ नॉट दिसले तरी शांत हवेत जमिनीवरचा वेग ४९ नॉट. वेग ९ टक्के जास्त, पण थांबवायची ऊर्जा १८ टक्के जास्त, आणि गो-अराउंडला इंजिनाची ताकद कमी. शिवाय दुपारच्या वावटळी. म्हणून उन्हाळ्यात सराव सकाळी नऊच्या आत. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पट्टीवर उतरण्याचा विचारही नको. चाक रुतलं की शेपटी वर आलीच म्हणून समज. सुक्या गवतावर मात्र शिकणं सोपं जातं, कारण टायर थोडे घसरून चूक पोटात घालतात. डांबर ती लगेच पकडतं.

उड्डाणाआधी शेपटीजवळ दोन मिनिटं गुडघ्यावर बस. शेपटीच्या चाकाला रडरशी जोडणाऱ्या स्प्रिंग आणि साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या ताणलेल्या आहेत का, पाटा-स्प्रिंगचा बोल्ट सैल नाही ना, पुढच्या दोन टायरांत हवा सारखी आहे का, ते पाहा. एका टायरात हवा कमी असेल तर विमान त्या बाजूला ओढतं आणि तुला वाटतं आपला पाय चुकला. जुन्या विमानांना स्टार्टर नसतो, प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करतात. ते काम शिकवल्याशिवाय करू नकोस, आणि कॉकपिटमध्ये जाणकार माणूस बसल्याशिवाय तर नाहीच. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) बंद दिसला तरी प्रोपेलर जिवंत आहे असंच धर.

आता पुन्हा पालकांसाठी. एजंटाला एकरकमी पैसे देऊ नका. फी उडवलेल्या तासांप्रमाणे, हप्त्यांत घेतील का ते विचारा आणि परताव्याची अट लेखी घ्या. भारतातल्या कमर्शियल लायसन्ससाठी वय १८ आणि २०० तास उड्डाण लागतं. परदेशी लायसन्स असलं तरी ते इथे बदलून घ्यावं लागतं, त्यासाठी डीजीसीएच्या लेखी परीक्षा आहेतच आणि प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. त्या परीक्षांचा अभ्यास बारावीनंतर घरी बसून सुरू होऊ शकतो. स्टुडंट पायलट लायसन्स १६ व्या वर्षापासून मिळतं. स्कूल निवडताना डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत नाव पाहा. गोंदिया, बारामती, धुळे, नागपूर अशा ठिकाणी आपल्या राज्यातच शिक्षण चालतं. तिथे जाऊन एका दिवसात किती विमानं खरोखर उडतात ते मोजा. हँगरमध्ये उभी असलेली विमानं मोजू नका.

टेलव्हीलचे तास घ्यायची वेळ येईल तेव्हा तीन गोष्टी लेखी विचारायला सांगा : विमानाच्या विम्यात शिकाऊला एकट्याने उडवायची मुभा आहे का, ग्राउंड लूप झाल्यास विम्याबाहेरची किती रक्कम विद्यार्थ्याच्या गळ्यात येते, आणि इन्स्ट्रक्टर त्या विमानावर नियमित उडतो का. नियमित न उडणाऱ्या इन्स्ट्रक्टरकडे ही कला शिकू नये, मग त्याचे एकूण तास कितीही असोत.

क्लास २ मेडिकलचा निकाल हातात आला की पुन्हा लिहा, सोबत चिरंजीवांचे दहावीचे गणित-विज्ञानाचे गुण कळवा. कोणत्या महिन्यात कुठली परीक्षा द्यायची आणि कर्जाचा हप्ता किती बसेल, ते त्यावरून ठरवू.