२७,००० रुपयांचा कॉर्डलेस सॉ हप्त्यांवर घ्यावा का?

प्रश्न : पुण्यात धायरीत राहतो. हातात पगार ६८,०००. गृहकर्जाचा हप्ता २४,०००, घरखर्च २९,०००, एसआयपी ६,०००. अडीअडचणीसाठी १,१०,००० ची एफडी. चपलांचा रॅक, मुलीचं स्टडी टेबल आणि दोन बुकशेल्फ स्वतः करायची आहेत. सुताराने नुसती मजुरी २६,००० सांगितली आहे. १८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल आणि त्याच्या २ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन बॅटऱ्या घरी आहेत. दुसऱ्या एका कंपनीचा कॉर्डलेस सर्क्युलर सॉ (बॅटरीवर चालणारी गोल पात्याची करवत), ५ एएचच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह, दिवाळीच्या ऑफरमध्ये २७,००० ला मिळतोय. ‘नो-कॉस्ट’ नऊ हप्ते. रोखीने २६,०००. ड्रिलच्याच कंपनीचा नुसता सॉ १२,४०० ला आणि ४ एएचची बॅटरी ६,५०० ला आहे. वायरचा सॉ ६,९००. काम पार्किंगमध्ये करणार, तिथे पॉइंट नाही. घेऊ का?

उत्तर : सॉ जरूर घ्या. मात्र हा सेट घेऊ नका, आणि हप्त्यांवर तर नकोच.

आधी हप्त्यांचं बघू. बँक व्याज आकारतेच. तेवढीच रक्कम किमतीतून सूट म्हणून वजा दाखवतात. १५ टक्के दर धरला, तर दरमहा ३,००० च्या नऊ हप्त्यांत सुमारे १,६१३ रुपये व्याज असतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, म्हणजे २९०. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसकट २३५. झाले सव्वापाचशे. रोखीची हजाराची सूटही गेली, म्हणजे दीड हजार जास्त. रक्कम जीवघेणी नाही, पण तुमच्याकडे महिन्याला ९,००० उरतात आणि त्यातले ३,००० नऊ महिने अडकून पडतील. एफडी तुमच्या जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाइतकी आहे. ती निदान तीन महिन्यांची व्हायला हवी, पुढे सहा. म्हणून एफडी मोडायची नाही आणि एसआयपी थांबवायची नाही.

आता मशीन. कॉर्डलेसमध्ये खरा पैसा बॅटरीत जातो. बॉश, मकिता, डीवॉल्ट यांच्या बॅटऱ्या एकमेकांना बसत नाहीत. दुसऱ्या कंपनीचा सेट घेतलात, की घरात दोन चार्जर, दोन जातींच्या बॅटऱ्या, आणि पुढचं प्रत्येक मशीन घेताना तोच घोळ. (खोक्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ दिसलं म्हणून ते जास्त ताकदीचं समजू नका. आत सेल पाचच. प्रत्येकी ३.६ धरले तर १८, नुकते चार्ज झालेले ४ धरले तर २०.) ड्रिलच्या कंपनीचा सॉ आणि ४ एएचची एक बॅटरी मिळून १८,९०० होतात. सॉ त्याच बॅटरीच्या मालिकेतला आहे ना, हे बिल करण्याआधी आपली बॅटरी बसवून बघा. चार्जर आहे तोच चालेल, वेळ मात्र जवळपास दुप्पट लागेल.

घरच्या २ एएचवर सॉ चालवून बॅटरीचे पैसे वाचवावेत, असं वाटेल. तसं करू नका. त्या बॅटरीत बहुधा पाचच सेलची एक रांग असते. १८ मिमी प्लाय लांबीत कापताना सॉ जो करंट ओढतो तो सगळा त्या एका रांगेतून जातो. व्होल्टेज पडतं, संरक्षण सर्किट मशीन बंद करतं आणि पातं कापाच्या मध्येच अडकतं. रेघ तिथेच बिघडते. शिवाय अशा वापराने बॅटरी तापून लवकर म्हातारी होते. त्या दोन ड्रिललाच राहू द्या.

१६५ मिमी पात्याचं, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरचं मशीन पुरेसं आहे. सरळ कापात ते साधारण ५५ मिमी खोल जातं. तुमचं बहुतेक काम १८ मिमी प्लायचं. १८५ मिमीचं जड मशीन घ्यायचं कारण नाही.

तुमच्या हिशेबात न दिसलेला खर्च पुढचा आहे. मशीनसोबत येणारं पातं बहुतेकदा २४ दातांचं असतं. सनमायका लावलेल्या प्लायची कड ते फोडतं. ४० किंवा जास्त दातांचं पातं घ्या, बोअर, म्हणजे पात्याचं मधलं भोक, जुळवून (१६५ मिमीला बऱ्याचदा २० मिमी). त्याचे १,३०० धरा. आठ फुटी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणि चार क्लॅम्प : २,२००. याला मशीनची कड टेकवून चालवल्याशिवाय आठ फूट सरळ काप हाताने येत नाही. गॉगल, कानांचे मफ, मास्क : १,१००. म्हणजे एकूण २३,५००. हाच जोडखर्च तुमच्या ऑफरच्या सेटलाही लागणार होता, तिथे हप्त्यांच्या सव्वापाचशेंसकट आकडा ३२,००० च्या पुढे गेला असता.

कापताना शीटची चांगली बाजू खाली ठेवा, कारण दात खालून वर येतात आणि वरची कड उडते. पातं प्लायखाली पाचेक मिमीच बाहेर येईल एवढी खोली लावा. आणि कापाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या. आधार नसला तर तुकडा खाली झुकतो, काप मिटतो, पातं चिमटलं जातं आणि मशीन अंगावर उसळतं.

वायरच्या सॉवर फुली मारण्याआधी सोसायटीच्या कमिटीला एकदा विचारा : रविवारी ठरावीक वेळेत, युनिटचे पैसे देऊन पार्किंगजवळचा पॉइंट वापरू द्याल का? १,२०० वॉटचं मशीन तासभर सलग चाललं तरी सव्वा युनिटच होतं. परवानगी मिळाली तर दीड चौरस मिमीची तीन तारांची तांब्याची एक्स्टेंशन घ्या, रीळ पूर्ण उलगडून वापरा, नाहीतर ती तापते. मग १८,९०० च्या जागी दहा हजारांच्या आत भागेल, आणि मी तोच पर्याय निवडायला सांगेन. परवानगी नाही मिळाली, तर कॉर्डलेससाठी जास्त पैसे मोजणं रास्त आहे.

कॉर्डलेस असेल तर चार महिने थांबा. महिन्याला ६,००० सॉसाठी वेगळे काढा, ३,००० एफडीकडे. चार महिन्यांत २४,००० होतात. ऑफर चुकेल म्हणून घाई नको, गुढीपाडव्याला पुन्हा येते.

तोवर रॅक करून टाका, सॉशिवाय. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पॅनल सॉवर (अख्खं शीट कापायच्या मोठ्या मशीनवर) कापून देणारा प्लायवाला शोधा आणि कागदावर मापं मिमीत द्या. ९०० रुंद, १,०५० उंच, ३३० खोल रॅकसाठी १८ मिमीचं एक ८ बाय ४ शीट पुरतं. आधी लांबीत ३३० च्या तीन पट्ट्या. पहिलीतून १,०५० चे दोन साइड, बाकी दोहोंतून ८६४ चे चार तुकडे : टॉप, बॉटम, दोन फळ्या. (९०० मधून दोन साइडची जाडी ३६ गेली.) एकूण नऊ काप. प्रत्येक कापात पातं ३-४ मिमी खातं, ते धरूनही शीट उरतं. ‘तुकडे साइझला हवेत’ हे बजावून सांगा. पाठीला ६ मिमी प्लाय, जोडणी तुमच्या ड्रिलने.

सुताराचे २६,००० मात्र पूर्ण वाचले असं धरू नका. सनमायका प्रेस, कडांचं बीडिंग, ड्रॉवरचे चॅनेल हे सॉने होत नाही. त्यातलं काही त्याच्याकडेच जाईल. निम्मी मजुरी वाचली, म्हणजे १३,०००, तर पहिल्या वर्षात सॉ पूर्ण फिटत नाही. दुसऱ्या वर्षीही तुमच्या हाताला काम असेल तरच फिटतो. रॅक करताना चार रविवार तुम्ही खरोखर देता का, ते यातून कळेल. रॅक अर्धवट राहिला तर साठलेले पैसे सरळ एफडीत टाका.

खरेदी बोहरी आळीत करा किंवा ऑनलाइन, जीएसटी बिल घ्या आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटीची नोंद लगेच करा. बॅटरीची वॉरंटी मशीनपेक्षा कमी असू शकते, ती वेगळी विचारा. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा, वर्षभर पडून असलेली घेऊ नका. आणि एप्रिल-मेमध्ये ती गाडीत ठेवून जाऊ नका. महिनोन् महिने काम नसेल तेव्हा अर्धी चार्ज करून घरात थंड जागी ठेवा.