वाळू, तेल आणि चौथी ओळ

"मॅडम, आता सोडलं तर मी हरलो असंच ना?" हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं. कुणाची परीक्षा असते, कुणाचा तोट्यातला धंदा, कुणाची रखडलेली पीएचडी. आणि जवळपास प्रत्येकाकडे आधाराला एक म्हण असतेच.

त्यातलाच हा मुलगा (तपशील बदललेत). वय २९, एकाच परीक्षेचे पाच अटेम्प्ट झालेले. मोबाईलच्या वॉलपेपरवर त्याच्या टेबलासमोरच्या कार्डाचा फोटो, वडिलांचं अक्षर, कोपऱ्यातली चिकटपट्टी पिवळी पडलेली: 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. मी काहीही विचारलं की हा मोबाईल माझ्याकडे वळवायचा, झालं उत्तर! तीन-चार सेशन आमचे असेच गेले.

शेवटी विचारलं, "पुढच्या ओळी येतात?"

"पुढे पण आहे?"

आहे ना. भर्तृहरीच्या संस्कृत श्लोकाचं वामन पंडितांनी सतराव्या शतकात केलेलं मराठी आहे ते. मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात फिरून सशाचं शिंगही मिळेल, आणि मग चौथी ओळ, 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी'. म्हणजे हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत काही पटवता येत नाही, एवढंच सांगायचंय कवीला. वाळूचं तेल हे न होणाऱ्या गोष्टीचं उदाहरण आहे, सल्ला नाहीये तो.

तो हसला. मग बराच वेळ गप्प, अंगठ्याने मोबाईलची कडा घासत बसला. मी पण काही बोलले नाही, अशा वेळी बोलायचं नसतं हे शिकायलाच मला कितीतरी वर्षं लागली.

"मॅडम, परीक्षा मला नकोच आहे बहुतेक. ते कार्ड भिंतीवरून काढायची भीती वाटते."

शाळेत पाठ केलेला श्लोक असा कामी आला, थोडं भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी, त्यामुळे माझं लक्ष नेहमी 'च' कडे जातं. पास व्हायला आवडेल म्हणणारा नापास झाला की नाराज होतो, पास झालंच पाहिजे म्हणणारा मात्र मोडतो. आणि म्हणी तर दोन्ही बाजूंनी बोलतात हो! 'असाध्य ते साध्य करिता सायास' तुकोबांचंच आणि 'ठेविले अनंते तैसेचि रहावे' पण त्यांचंच. कोणती कधी लागू हे आपणच बघायचं.

तुमचंही असंच अडलं असेल तर आधी हे बघा की गेल्या वेळेपेक्षा यंदा नेमकं काय वेगळं करताय, कारण थेंबे थेंबे तळे साचे खरं, पण तळं गळत असेल तर आधी गळती बुजवायला लागते. थांबायची तारीखही ठरवा, पण निकालाच्या दिवशी नको, डोकं शांत असताना, आणि कागदावर लिहून ठेवा. आणि स्वतःला विचारा, आज कोरी पाटी मिळाली तर हेच निवडाल का? हो आलं तर खुशाल करा, सहाव्यांदा करा.

त्याने सहावा अटेम्प्ट दिला नाही, नोकरी धरली. कार्ड अजून भिंतीवरच आहे म्हणे, फक्त त्याने खाली चौथी ओळ लिहून टाकली. मध्ये मेसेज आला, "मॅडम, बाबा विचारतायत ही ओळ कुणाला उद्देशून आहे. काय सांगू?"