निसर्गाशी नातं बदलायला हवं म्हणतात, म्हणजे शेतकऱ्यानं नेमकं काय करायचं?

मी जळगावच्या यावल तालुक्यातला, केळी लावणारा. माझं उत्तर मात्र मामाच्या गावचं आहे, धुळ्याच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठचं. तिथे फड बागायत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालचं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाऊस कमी झाला की गाव बसून ठरवायचं, यंदा दोनच फड भिजतील. कोरड्या फडाचा तोटा मग सगळ्यांच्याच वाट्याला. पाणी फिरवायचं ते पाटकऱ्यानंच. मामा म्हणायचा, "आधी पानी देख, मंग पेर." त्याच तालुक्यातल्या बारीपाडा गावानं जंगलालाही असाच गावाचा नियम लावला, झाड तोडलं की दंड. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ती त्या जंगलासाठी.

आमच्याकडे यावलला आधी केळीची खोडं मोजतात. सातपुड्यावरून उतरलेलं पाणी इथल्या गोट्यांच्या जमिनीत मुरतं, त्यावर केळी उभी राहिली. आजोबांच्या विहिरीत वाकलं की पाणी दिसायचं. ट्यूबवेल आल्या आणि ते दिसेनासं झालं. नातं तिथे तुटलं असं मला वाटतं. श्रद्धा तर आजही आहे. घरच्या बाया तापीची ओटी भरतात, श्रावणात कानबाई, आमची खान्देशची देवी, बसते. पण बटण दाबलं की पाणी येतं, खाली किती उरलं ते कोण बघतो? मी ठिबक केलं, पाणी वाचलं, आणि त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी दीड हजार खोडं लावली. मे महिन्यात ऐन निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडताना, ट्यूबवेल आटली. उभी बाग माना टाकताना बघितली, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता दसऱ्याला ट्यूबवेलमध्ये दोरी सोडून पातळी मोजतो, मगच कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायची केळी, किती लावायचा ते ठरवतो. पातळी खाली असेल तर पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवरचं पुढचं पीक, ठेवत नाही. पावसाळ्यात नाल्याचं पाणी खडी-वाळूतून गाळून आजोबांच्या कोरड्या विहिरीत सोडतो.

एकट्यानं हे पुरत नाही, कारण जमिनीखाली बांध नसतात. मी राखलेलं पाणी शेजारची मोटार ओढते. यंदा दसऱ्याला आम्ही चार बांधशेजाऱ्यांनी आपापली पातळी एकमेकांना सांगितली. वीस वर्षं आम्ही एकमेकांना केळीचा भाव विचारत आलो, रोपं कुठून आणली ते विचारत आलो. हे पहिल्यांदाच विचारलं.