पाच लाखांचं कव्हर आहे, पण गोळ्या कोण देणार? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सरकारी आरोग्य योजनांवर, म्हणजे राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत यांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत दोन टोकं दिसली, काहींना हे सगळं बंद करून टाकायचंय आणि काहींना योजनेतलं काहीच मिळत नाहीये. दोघांचेही प्रश्न घेतलेत.

प्रश्न: मी नोकरदार आहे, पगारातून दर महिन्याला टॅक्स कापला जातो. लाडकी बहीणला वर्षाला हजारो कोटी, वर आता सगळ्यांना पाच लाखांपर्यंत फुकट उपचार. आमच्यासारख्यांनी फक्त भरतच राहायचं का? (एक वाचक, पुणे)

राग समजतो, पण आधी एक गोष्ट क्लिअर करू, टॅक्स फक्त पगारातून कापला जातो असं नाही. शेतात खुरपायला जाणारी बाई मोबाईलचा रिचार्ज मारते तेव्हा 18 टक्के जीएसटी तीही भरते, तुमच्याइतकाच. त्यामुळे "आमच्या पैशावर ते" हे मनातून काढून टाका, पैसा सगळ्यांचाच आहे आणि हिशोब मागायचा हक्कही सगळ्यांचा आहे.

आता लाडकी बहीण आणि आरोग्य योजना एकाच टोपलीत टाकू नका. 2024 च्या जूनमध्ये अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीणची घोषणा झाली, जुलैपासून योजना लागू झाली आणि नोव्हेंबरात विधानसभा होती, त्या घाईत अर्ज तपासायला कुणाला वेळच नव्हता. त्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसला, जून 2025 पासून 26.34 लाख जणांचे हप्ते पात्रतेच्या शंकेवरून थांबवावे लागले आणि 14 हजारांहून जास्त पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं बाहेर आलं. शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये या एका योजनेच्या नुसत्या जाहिरातीसाठी 199.81 कोटींचा प्लॅन मंजूर झाला. बाईच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला दीड हजार येणं याला मी उधळपट्टी म्हणणार नाही, ज्या घरात दहा रुपयांसाठी नवऱ्याकडे हात पसरावा लागतो तिथं त्या पैशाची किंमत फार आहे. पण ज्या योजनेची गावागावात आधीच चर्चा आहे, लोक स्वतःहून रांगा लावतायत, तिच्या जाहिरातीला 200 कोटी कशाला? भांडायचं तर या पैशावर भांडा, मी तुमच्या बरोबर आहे.

आणि एक, 1 जुलै 2024 पासून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पांढरं रेशनकार्डवालेही आलेत. म्हणजे तुम्हीपण त्यात आहात. कार्ड काढून ठेवा.

प्रश्न: मिस्टरांची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. पण हॉस्पिटलने "वरचे" म्हणून पैसे घेतले, पावती मागितली तर दिली नाही. योजनेत असे पैसे घेतात का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

नाही ताई, नाही घेता येत. एकदा योजनेत मंजुरी मिळाली की ते पॅकेज असतं, त्यात बेड, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण हे सगळं धरलेलं असतं, डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणी धरलेली असते आणि घरी जायचं एका वेळचं भाडंपण धरलेलं असतं. हे भाडं तर बहुतेक लोकांना माहितीच नाही त्यामुळे कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही.

असं करा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलला आरोग्यमित्र असतो, बहुतेक ठिकाणी गेटजवळ किंवा केसपेपरच्या काउंटरजवळ त्याचं टेबल असतं. त्याला भेटून लेखी तक्रार द्या आणि कॉपीवर तारीख टाकून सही घ्या. मग 155388 किंवा 1800 233 2200 या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर मागून लिहून ठेवा. पावती नाही म्हणून गप्प बसू नका. पैसे फोनपे, गुगल पेने दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा आहे, आणि रोख दिले असतील तर कुणाकडे दिले, कोणत्या दिवशी, बरोबर कोण होतं ते सगळं अर्जात लिहा. पुढच्या वेळी (ती वेळ न येवो) डिपॉझिट मागितलं की तिथंच उभं राहून टोल फ्रीला फोन लावायचा, नंतर नाही.

हॉस्पिटलवालेही आपली बाजू सांगतात, पॅकेजचे रेट कमी आहेत आणि सरकारकडून पैसे उशिरा येतात. त्यात तथ्य आहे. पण ते भांडण त्यांनी सरकारशी करावं, पेशंटच्या खिशातून वसूल करायचा त्यांना काही अधिकार नाही.

प्रश्न: सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या कॅगच्या रिपोर्टमध्ये आयुष्मान भारतमध्ये मेलेल्या माणसांवर उपचार झाल्याचं आलं होतं. मग एवढा भ्रष्टाचार असलेली योजना चालू तरी का ठेवायची? (एक वाचक, कोल्हापूर)

तो रिपोर्ट ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात म्हटलं होतं की जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले होते आणि तो नंबर म्हणजे दहा वेळा नऊ. आणि सिस्टीममध्ये आधीच मृत दाखवलेल्या 3,446 पेशंटच्या उपचारापोटी सुमारे 7 कोटी रुपये दिले गेले. मंत्रालयाचं म्हणणं असं की ओळख पटवायला मोबाईल नंबर वापरतच नाहीत. ठीक आहे, पण दहा वेळा नऊ टाकलं तर कॉम्प्युटर ते घेतो कसा, याचं उत्तर त्यातून मिळत नाही आणि खरा नंबर नसेल तर पेशंटला फोन करून "तुमचं ऑपरेशन खरंच झालं का, पैसे घेतले का" हे विचारणार कसं?

मला मात्र मेलेल्यांच्या नावाच्या बिलांपेक्षा जिवंत माणसावर गरज नसताना झालेल्या ऑपरेशनची भीती जास्त वाटते. नोव्हेंबर 2024 मधली गुजरातची केस आठवा. अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलने कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात फुकट तपासणीचं शिबिर लावलं, 19 जणांना अहमदाबादला आणलं आणि त्यातल्या सात जणांच्या अँजिओप्लास्टी करून टाकल्या. दोघे दगावले. घरच्यांना नीट विचारलंसुद्धा नव्हतं आणि क्लेम आयुष्मानमधून. ऑपरेशन केलं की पैसे, गोळी देऊन घरी पाठवलं तर काही नाही, अशी रचना असेल तर काही लोक हे करणारच, त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं लागतात आणि माणसांवर खर्च करायला कुणी तयार नाही.

पण म्हणून योजना बंद करा हे मला पटत नाही. किडनी, हार्ट, कॅन्सर यात घरं विकली गेलेली आपण सगळ्यांनी पाहिलीयेत, 2012 साली आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली ती याच कारणासाठी, पुढे तिचंच नाव महात्मा फुले झालं. चोर सापडला तर चोराला हॉस्पिटलांच्या यादीतून काढा, त्याच्याकडून वसूल करा आणि त्याचं नाव जाहीर करा.

प्रश्न: आईला शुगर आणि बीपी आहे. महिन्याला गोळ्या आणि तपासण्यांचे दोन हजार जातात. पाच लाखांचं कार्ड आहे पण मेडिकलवाला म्हणतो हे इथं चालत नाही. मग त्या कार्डाचा उपयोग काय? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

या पत्रासाठीच खरं तर मी हा विषय पुन्हा घेतला.

मेडिकलवाला बरोबर सांगतोय. महात्मा फुले काय किंवा आयुष्मान काय, दोन्ही योजना ॲडमिट झाल्यावरच्या आहेत. ओपीडी, रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची शुगरची तपासणी यातलं काही त्यात बसत नाही. आईची शुगर वाढून पाय कापायची वेळ आली तर सरकार पैसे देणार, पण ती वेळ येऊ नये म्हणून ज्या गोळ्या लागतात त्या तुम्ही घ्यायच्या. केंद्राच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. 2013-14 मध्ये हाच आकडा 64.2 होता, म्हणजे कमी झालाय हे मान्य करायला पाहिजे. पण या खिशातल्या पैशाचा सगळ्यात मोठा वाटा औषधांना जातो आणि नेमकं तिथंच कार्ड चालत नाही.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहून ठेवलंय की आरोग्यावर 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्के खर्च करू आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक आरोग्यसेवेवर. 2021-22 ला आपण 1.84 वर होतो.

मग तुम्ही काय करायचं? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, या तिथं मिळायलाच पाहिजेत. आईचं नाव तिथं नोंदवा आणि महिन्याच्या गोळ्या मागा.

"स्टॉक नाही, बाहेरून आणा" असं सांगतील, हे मला माहितीये. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं होती, तेव्हाही नातेवाईक हेच सांगत होते की औषधं बाहेरून आणायला लावली. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. औषध खरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, मग 2023 मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण आणलं. तमिळनाडूने हे काम 1995 पासून एका महामंडळाकडून चालवलंय आणि त्यांची एक गोष्ट मला फार आवडते, तिथं प्रत्येक सरकारी दवाखान्याला बँकेसारखं पासबुक असतं, वर्षाची रक्कम त्यात जमा, गोदामातून जेवढी औषधं उचलली तेवढी वजा. म्हणजे कुठल्या दवाखान्याने काय उचललं आणि काय शिल्लक आहे ते एका पानावर दिसतं. याला काही 200 कोटींची जाहिरात लागत नाही.

प्रश्न: ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलने गरिबांचे बेड फुल आहेत म्हणून सांगितलं. खरं कसं कळणार? (एक वाचक, नाशिक)

धर्मादाय हॉस्पिटलला 10 टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवावेच लागतात. वार्षिक उत्पन्न 1.80 लाखांपर्यंत असेल तर मोफत, 3.60 लाखांपर्यंत असेल तर निम्मे. शिवाय बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकावी लागते. ट्रस्ट म्हणून त्यांना करसवलत मिळते, म्हणजे हाही आपलाच पैसा झाला. जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी विचारा, त्या दिवशी किती बेड भरलेले होते. आणि इमर्जन्सी असेल तर आधी उपचार सुरू करायचे, डिपॉझिट मागायचं नाही, हेही त्याच नियमांत आहे.

प्रश्न: आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) औषधं येतात की नाही हे सामान्य माणसाने कसं तपासायचं? डॉक्टर चांगले आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही. (एक वाचक, परभणी जिल्हा)

माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. "भ्रष्टाचाराची माहिती द्या" असं मोघम लिहू नका. मागच्या सहा महिन्यांच्या औषध साठा नोंदवहीची प्रत मागा, जिल्ह्याकडे पाठवलेल्या औषध मागणीपत्रांची प्रत मागा आणि रुग्ण कल्याण समितीच्या खर्चाचा तपशील मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रती नको असतील तर प्रत्यक्ष पाहणी मागा, पहिल्या तासाला फी नसते. साठा वहीत मेटफॉर्मिन कधी संपलं आणि मागणी कधी गेली या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की अडचण पीएचसीत आहे की वर जिल्ह्याला, ते कळतं, आणि बऱ्याचदा ती वरच असते. अर्ज करायच्या आधी डॉक्टरांना सांगा की हे तुमच्या विरोधात नाही. त्यांनी चार वेळा मागणी पाठवूनही औषध आलं नसेल तर ती गोष्ट कागदावर आलेली त्यांनाही हवीच असेल. प्रती मिळाल्या की ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावात नोंद करून घ्या, तो ठराव जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. काय उत्तर आलं ते आम्हालाही कळवा, पुढच्या अंकात घेऊ.