मंडळी उघडत नाहीत, लावतात

प्रश्न असा आला आहे: "आमच्या चर्चच्या तरुण संघाला 'चर्च प्लांटिंग'साठी (म्हणजे नव्या जागी नवं चर्च सुरू करण्यासाठी) मराठी शब्द हवा आहे. कुणी 'चर्चरोपण' म्हणतं, कुणी 'शाखा उघडणे'. बरोबर काय? 'सुवार्ता' आणि 'शुभवर्तमान' यांत काही फरक आहे का? आणि आहेत त्याच चर्चमधले बाक रिकामे असताना नवी कशाला, असं आमच्यातले काही ज्येष्ठ विचारतात. त्यांना काय सांगावं?"

उत्तराआधी थोडा राग काढून घेतो. गेल्या महिन्यात एका चर्चच्या दारावर फलक वाचला: 'मंडळीचे पत्रे बदलण्यासाठी सढळ हाताने मदत करावी.' मंडळीला पत्रे कुठून आले? मंडळी म्हणजे माणसं. जेवायला बसते ती मंडळी, गावोगाव खेळ लावत फिरे ती नाटक मंडळी, जुन्या पुस्तकांवर 'अमुक आणि मंडळी' छापलेलं असे तीही माणसंच. पावसात गळतं ते छप्पर, मंडळी नव्हे. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी हा शब्द ग्रीक 'एक्लेसिया'साठी वापरला, आणि नेमका वापरला. अथेन्समध्ये एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा, ती टेकडीवर उघड्यावर भरे. नव्या करारात हा शब्द इमारतीसाठी एकदाही येत नाही. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल सलाम धाडतो तो प्रिस्का आणि अक्विला या तंबू बनवणाऱ्या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला. इमारतीसाठी 'चर्च' आहेच. त्याचं मूळ वेगळं, ग्रीक 'किरियाकोन', म्हणजे प्रभूचं. गोव्यातली 'इगर्ज' मात्र पोर्तुगीजांच्या 'इग्रेजा'मधून आली, म्हणजे एक्लेसियाचीच नात. माणसांचा शब्द भिंतींना चिकटण्याचा रोग जुनाच आहे, हे कबूल. पण मराठीला तो लावून घ्यायची गरज नव्हती.

जाता जाता एक गंमत. आजोबांच्या पिढीत "आमची मंडळी माहेरी गेलीय" म्हणजे बायको गेलीय. आणि इफिसकरांस पत्रात ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याला उपमा आहे ती नवराबायकोचीच! असू दे. हा योगायोग आहे, पण मी तो गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नात ऐकवतो.

आता शाखा. शाखा बँकेची असते, पतसंस्थेची असते. शाखेचा व्यवस्थापक मुख्य कार्यालयाला विचारून खुर्च्या घेतो. फांदी खोडापासून तोडली की वाळते, हे त्या शब्दातच आहे. नवी मंडळी अशी परावलंबी राहावी असं वाटत असेल, तर खुशाल 'शाखा' म्हणा. 'रोपण' संस्कृतात निर्दोष आहे, पण आजच्या मराठी कानाला रोपण म्हटलं की केस, दात आणि मूत्रपिंड आठवतं. एका विद्वानांनी मला कळवलं, की 'चर्चरोपण' हाच शास्त्रशुद्ध शब्द. शास्त्र शुद्ध असेलही, मी तो शब्द उपासनेनंतर चहाच्या रांगेत उच्चारून पाहिला, तर एका बाईंनी विचारलं, "कुणाचं ऑपरेशन आहे?"

शोधायला लांब जायचं कारणच नाही. शब्द मराठी बायबलात आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, "मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले." लावले! बस. मंडळी लावायची. आणि त्याला नाम हवं असेल, तर मंडळीची लावणी. 'लावणी' म्हटल्यावर ढोलकी ऐकू येते त्यांनी एकदा जुलैत भातशेतीच्या मुलखात जावं.

माझं आजोळ पन्हाळ्याकडचं. तिथं भाताचा तरवा, म्हणजे रोपं, आधी एका कोपऱ्यात दाट टाकतात. तीन-साडेतीन आठवड्यांत तो हिरवागार, मऊ, वीतभर होतो. बघणाऱ्याला वाटतं, किती छान, राहू द्या इथंच. आजीला कुणी असं म्हटलं तर ती हसायची. तरवा जागेवर ठेवला तर उंच होतो, पिवळा पडतो, आणि मग उशिरा लावला तरी त्याला फारसे फुटवे येत नाहीत. म्हणून भर पावसात तो उपटायचा, मुळांचा चिखल पाण्यात हिसळायचा, जुड्या बांधायच्या आणि चिखलगुठ्ठा केलेल्या दुसऱ्या वावरात दोन-चार काड्या एकेका जागी खोचत जायचं. पहिले आठ दिवस नवं वावर मेल्यासारखं दिसतं. नंतर एकेका जागी दहा-पंधरा फुटवे येतात.

तुमच्या ज्येष्ठांचं उत्तर मला वाटतं इथं झालं. पण त्यांना शेती चालत नसेल तर नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचून दाखवा. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे आणि शिक्षक होते, त्यांची नावं दिलेली आहेत. त्यातले दोन, बर्णबा आणि शौल (म्हणजे आपला पौलच), त्या मंडळीने दुसरीकडे सुवार्ता सांगायला देऊन टाकले. शिल्लक राहिलेले नव्हेत, चांगले. पुढे फिलिप्पैत नदीकाठी लुदिया भेटली, ती जांभळी वस्त्रं विकणारी; तिच्या घरात मंडळी उभी राहिली. करिंथात दीड वर्ष मुक्काम, तिथं दुसरी. अंत्युखियाने आपले बाक मोजत बसायचं ठरवलं असतं, तर आज हा प्रश्न विचारायला तुम्ही नव्हता आणि चिडायला मी नव्हतो.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो, त्या 'सुवार्ते'कडे येऊ.

'सु' म्हणजे चांगली आणि वार्ता म्हणजे बातमी, इतकं सगळ्यांना येतं. त्यावर थांबणाऱ्यांची मला कीव येते. अमरकोश, संस्कृतचा जुना शब्दकोश, उघडा. शब्दादिवर्गात वार्ता म्हणजे वृत्तांत, बातमी. पण पुढे वैश्यवर्गात तोच शब्द पुन्हा येतो: आजीव, जीविका, वार्ता, वृत्ति. म्हणजे पोट भरण्याचं साधन! कौटिल्य तर चार विद्यांमध्ये 'वार्ता' ही स्वतंत्र विद्या मोजतो आणि तिच्यात तीन गोष्टी घालतो: शेती, पशुपालन, व्यापार. शेती पहिली! वार्ता ही आधी नांगरामागे चालत होती, वर्तमानपत्रात ती फार उशिरा आली. मुळाशी 'वृत्' धातू आहे, चालणं, होणं, राहणं. जे घडलं ते वृत्त, ज्यावर जगणं चालतं ती वृत्ति, आणि दोघांची लेक वार्ता. 'शुभवर्तमान'मधलं वर्तमानही याच धातूचं, चाललेलं. तेव्हा हे दोन शब्द सख्खी भावंडं आहेत. वापरात फरक इतकाच, की येशूच्या चरित्राच्या पुस्तकाला शुभवर्तमान म्हणतात (मत्तयकृत, मार्ककृत वगैरे) आणि जो निरोप सांगायचा त्याला सुवार्ता.

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो दरवेळी त्याच गृहस्थांकडून येतो: कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी छापून निघाली १९०९ साली, मग बायबलच्या जुन्या भाषांतरकारांना कौटिल्याची वार्ता कशी ठाऊक? अहो, कौटिल्य नसेल, अमरकोश होता ना! मिशनऱ्यांना मराठी शिकवणाऱ्या शास्त्री-पंडितांनी तो लहानपणीच पाठ केलेला असे. दुसरा अर्थ त्यांच्या कानात होता, एवढंच माझं म्हणणं. त्यांनी मुद्दाम योजला, असं मी म्हणत नाही. (म्हणावंसं फार वाटतं.)

सुवार्तेच्या मूळ ग्रीक शब्दाचं तर याहून मजेदार. 'युआंगेलियोन' होमरच्या ओडिसीत येतो तेव्हा त्याचा अर्थ बातमी नाहीच, चांगली बातमी आणणाऱ्याला मिळणारं बक्षीस असा आहे. भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस आपल्याच नोकराला म्हणतो, तुझा धनी परत येतोय, आला की मला बक्षीस म्हणून अंगरखा दे. आपण म्हणतो "तुझ्या तोंडात साखर पडो", ती साखर म्हणजे मूळ युआंगेलियोन! साखरेचा अर्थ पुढे सरकत बातमीवर गेला.

त्यामुळे 'सुवार्तेचा प्रचार' ऐकलं की माझ्या पोटात कळ येते. प्रचार निवडणुकीचा, साबणाचा. प्रचारकाला समोरच्याचं मत हवं असतं. वार्ता सांगणाऱ्याला काही घडल्याचं सांगायचं असतं. ऐकणाऱ्याने मानावं न मानावं, त्याच्या गळी उतरवायची नसते, आणि तिच्याबरोबर धान्याचं पोतं तर अजिबात द्यायचं नसतं. पण वार्ता असूनही सांगितली नाही तर ती वार्ताच उरत नाही. घरात मूल झालं आणि शेजाऱ्याला कळलं नाही, असं होतं का? मंडळीने सुवार्ता का सांगावी याचं एवढं एक कारण मला पुरतं, बाकीची धर्मशास्त्रज्ञांनी पाहावीत.

आणि लावणी दुसऱ्या वावरात करायची, तर त्या वावराचं पाणी पाहावं लागतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला गेले. तरवा तिकडचा होता. त्याच मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनपासून वेगळे झाले आणि साताऱ्यात त्यांनी जे सुरू केलं त्याला चर्च म्हटलं नाही, मिशन म्हटलं नाही, 'देवाचा दरबार' म्हटलं. भजन, कीर्तन, अभंग, सगळं इथलं. त्या नावात एक परका शब्द नाही (दरबार फारसी आहे हे कळवायला पत्र लिहू नका, तो शिवकाळापासून आपला आहे). टिळक १९१९ मध्ये गेले, दरबार फार वाढला नाही, पण त्यांची भजनं आजही मराठी मंडळ्यांमध्ये म्हटली जातात.

अरे हो, तुमचा शब्द. 'मंडळी लावणे'. फलकावर, अहवालात, चहाच्या रांगेत, सगळीकडे चालेल. आणि त्या पत्र्यांच्या फलकावर 'मंडळीचे' खोडून कुणी 'चर्चचे' केलं, तर माझे पाचशे रुपये धरा.