आनंदासाठी कादंबऱ्या वाचायच्या, तर मग रडवणाऱ्या का वाचायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बारावी झाली, सुट्टीत निव्वळ आवड म्हणून कादंबऱ्या वाचायच्या आहेत, पण ज्याला विचारावं तो ‘धग’, ‘बारोमास’, ‘कोसला’ अशीच नावं सांगतो. जालन्याकडचे आहात, दुष्काळ घरात बघितलाय. तोच परत पुस्तकात कशाला बघायचा, असं तुम्ही लिहिलंय.

मी परभणी जिल्ह्यातली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन. हाच प्रश्न मी घरात वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रडवणाऱ्या कादंबऱ्या वाचल्याच पाहिजेत अशी सक्ती कुणाची नाही. मी स्वतः सुहास शिरवळकर वाचत वाचत कादंबऱ्यांच्या नादी लागले. नारायण धारपांची पुस्तकं रात्री लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात वाचायची, घाबरून पांघरूण डोक्यावर घ्यायचं आणि सकाळी वाचनालयातून त्यांचंच दुसरं पुस्तक आणायचं, असं किती दिवस चाललं होतं. पुढं काय होणार या ओढीनं पानं उलटत जाणं हा वाचनातला पहिला आणि अस्सल आनंद आहे. तो ज्याला कधी मिळालाच नाही त्याच्या हातात एकदम जड पुस्तक दिलं तर तो वाचनाला कायमचा रामराम ठोकतो, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा शिरवळकर वाचावेसे वाटले तर खुशाल वाचा, कुणी नाकं मुरडली तरी.

पण दुःखाच्या कादंबरीत आनंद नसतो, हे मला पटत नाही. ‘मृत्युंजय’ घ्या. १९६७ साली आलेली ही कादंबरी आमच्या वाचनालयात अजून कपाटात टिकत नाही. कर्ण मरणार हे पहिलं पान उघडायच्या आधीच ठाऊक असतं. कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण, स्वतः कर्ण असे एकेक जण आपापल्या तोंडानं सांगत जातात आणि सगळ्यांच्या सांगण्याचा रोख त्या एकाच मरणाकडं. तरी ‘मृत्युंजय नको, फार दुःखी आहे’ असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. म्हणजे वाचकांना दुःख चालतं. राजवाडा, रथ, कवचकुंडलं यांच्यासोबत आलेलं चालतं. तुमची खरी अडचण दुःखाशी नसावी; ते आपल्या घरासारखं दिसतं, याच्याशी असावी. आणि ती अडचण खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही.

यावरून आजीचं सांगते. मी ‘धग’ वाचत ओसरीवर बसले होते आणि डोळे भरून आले होते. आजी म्हणाली, “रडायलीस कशामुळं माय? पुस्तकातलं कुठं खरं असतंय?” मी तिला उलट विचारलं की, तुम्ही जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणायच्या, त्या कशाला म्हणायच्या मग? गरोदर बाईला रानात सोडून देतात, याहून वाईट काय असतं? आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ते म्हनल्याबिगर दळण सरत नव्हतं.” आणि बसल्या जागी तिनं दोन ओव्या म्हणूनही दाखवल्या. म्हणताना तिचा चेहरा रडवेला नव्हता, चांगला खुलला होता. आमच्या गावातल्या कितीतरी बायकांनी सीतेचं दुःख पहाटेच्या अंधारात आवडीनं गायलंय. त्या कुणी दुःखाच्या हौशी नव्हत्या. आपल्यासारखंच सोसलेल्या बाईचं कुणीतरी नीट, शब्दाला शब्द लावून मांडलंय, ते आपल्या गळ्यातून निघतंय, यात त्यांना सुख होतं.

‘धग’मध्ये मला हेच सापडलं. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० ची, वऱ्हाडातली. कौतिक नावाची बाई, नवरा शिंपी, पण कामात त्याचा जीव नाही. ती संसार उभा करायला जीव काढते आणि एकेक आधार तिच्या हातून सुटत जातो. पुढं नवऱ्याला महारोग होतो. गोष्ट सांगायला गेलं तर एवढीच आणि ऐकून कुणीही म्हणेल, नको बाबा. पण वाचताना काय होतं, तर कौतिक बोलायला लागते. तिची वऱ्हाडी बोली, तिचा तोरा, कुणापुढं हात पसरायचा नाही म्हणून तिनं केलेली ओढाताण. त्या बाईला लेखक कुठंही बिचारी म्हणत नाही. तिच्या वतीनं एक उसासाही टाकत नाही. ती काय करते, काय बोलते, एवढंच दाखवत राहतो. माझ्या चुलत्यांच्या घरी, मामाकडं, बाजारात मी अशा बाया रोज बघते, पण माझं लक्ष त्यांच्यावर असं कधी ठरलं नव्हतं. कादंबरीनं ते ठरवलं. हे लक्ष ठरणं, हीच माझ्यासाठी आनंदाची जागा आहे.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते आठवत असेल. मी तेव्हा लहान होते. टीव्हीवर दिवसभर तेच चालायचं : पहिल्या गाडीला किती डबे, किती लिटर. पाच लाख लिटर हा आकडा मला पाठ झाला होता. पण त्या पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या एखाद्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे सांगायला बातमीला सवड नसते, ते तिचं कामही नाही. कादंबरीला सवड असते. ‘बनगरवाडी’ वाचताना हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

‘बनगरवाडी’बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्ही तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची, अगदी लहानशी. औंध संस्थानातल्या एका धनगरांच्या वस्तीवर राजाराम नावाचा तरुण मास्तर शाळा चालवायला जातो. पोरं शाळेत येत नाहीत, कारण मेंढरं कोण राखणार? हळूहळू मास्तर गावाचा होतो, लोकांची अडलीनडली कामं करतो, गावाला तालीम बांधायला लावतो. म्हातारा कारभारी, आयबू, रामोश्याचा आनंदा अशी माणसं येतात, दोन-चार पानांत आपल्या ओळखीची होतात. या कादंबरीत हसायला भरपूर आहे, हे कुणी सांगत नाही. मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरायला लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं जगायला बाहेर पडतात आणि वस्ती ओस पडते.

ते शेवटचे प्रकरण मी वाचलं तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघून गेल्या होत्या. एका अख्ख्या आळीत दारांना कुलपं आणि राखणीला राहिलेली दोन म्हातारी माणसं. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण दरवर्षीच होतं ते. पुस्तक मिटल्यावर मी त्या आळीतून चालत गेले. कुठल्या दारातली तुळस सुकलीय, कुणाच्या भिंतीला पोराने खडूनं बाराखडी काढलीय, कुणी खाट आत न घेताच गेलंय, हे सगळं दिसायला लागलं. वाईट वाटलं, हो. पण त्या वाईट वाटण्यात मी जागी होते. माझ्या लेखी हे आनंदापेक्षा कमी नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आपल्यासारखं दिसतं म्हणून आवडतं. तर तसंही नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या तावडीतून सुटलेले, कुठल्याच देशाला नको असलेले ज्यू. त्यात हॅर्टा नावाची मुलगी आणि भारतात परतणारा चक्रधर यांची काही दिवसांची ओळख. मी समुद्र पाहिलेला नाही. गोदावरीपलीकडं मोठं पाणी मला माहीत नाही. तरी ती कादंबरी एका बैठकीत वाचली आणि रात्रभर झोप आली नाही. तिथं माझ्या घरासारखं काहीही नव्हतं. होता तो तोच नेमकेपणा : दोन माणसं एकमेकांकडं ओढली जातात तेव्हा काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात.

‘कोसला’बद्दल तर तुमचा समज अर्धाच बरोबर आहे. १९६३ साली आलेल्या नेमाड्यांच्या या कादंबरीचा पहिला बराचसा भाग वाचताना मी मोठ्यानं हसलेय. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, तिथलं हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्रांची बाष्कळ बडबड. परभणीच्या किंवा संभाजीनगरच्या हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. आणि मग मध्येच त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं मरते. तिच्या मरणाची पानं मी दुसऱ्यांदा वाचायला धजावले नाही. त्यानंतर कादंबरीत अजिंठा येतो.

अजिंठा आपल्या मराठवाड्यातला, म्हणून कॉलेजच्या सहलीत तिथं गेले तेव्हा मी मुद्दाम सव्वीस नंबरच्या लेण्यात जास्त वेळ थांबले. महापरिनिर्वाणाचा बुद्ध, उजव्या कुशीवर निजलेला, सात मीटरच्या आसपास लांब. खाली शोक करणारी माणसं आहेत, पायांशी एक जण हातावर डोकं टेकवून बसलाय. वर आकाशातले देव वाद्यं घेऊन आलेत. खालचा प्रत्येक जण आपापल्या परीनं खचलेला आहे, कारागिरानं सगळ्यांना एकच चेहरा देऊन काम उरकलेलं नाही. आमच्या गाइडला पुढं जायची घाई होती. मला तिथून हलवेना. इतक्या दुःखाचं दृश्य आणि मन भरून सुख वाटतंय, असं ते होतं. मनीच्या मरणाच्या पानांनंतर मला जे वाटलं होतं तेच, फक्त दगडात.

सगळ्याच दुःखी कादंबऱ्या अशा नसतात, हेही सांगायला पाहिजे. नायकावर कर्ज, मग आजार, मग आग, मग बलात्कार, मग आत्महत्या, असं एकावर एक रचत जाणारी पुस्तकं आपल्याकडं खूप निघतात. शेतकऱ्याच्या नावावर तर फारच. त्यांत माणूस नसतोच, नुसती संकटं असतात. ओळखायची माझी खूण अशी : संकट बाजूला ठेवलं तर त्या माणसाबद्दल मला काय माहीत झालं? तो काय खातो, कशावर चिडतो, कुणाची नक्कल करतो? काहीच सांगता आलं नाही तर पुस्तक परत करा. पन्नास पानांत अशी निराशा झाली तर उरलेली वाचायचं बंधन नाही.

‘बारोमास’ या कसोटीला उतरते. सदानंद देशमुखांच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. बुलढाण्याकडची, म्हणजे तुमच्या जालन्याला लागूनच. एकनाथ भरपूर शिकलाय, पण नोकरीसाठी डोनेशन द्यायला पैसे नाहीत आणि शेतीत पोट भरत नाही. ही कादंबरी मला सलग वाचवली नाही. थांबून थांबून वाचली, कारण आमच्या घरातलं बोलणं जसंच्या तसं समोर येत होतं. एकदा अप्पांना त्यातली काही पानं मोठ्यानं वाचून दाखवली, बाप-लेकातल्या धुसफुशीची. अप्पा कधी पुस्तक हातात घेत नाहीत. ऐकून म्हणाले, “लिहिणारा वावरात राबलेला दिसतोय.” आणि मग खताच्या भावावरून, माझ्या भावाच्या पोलीस भरतीवरून जे कधी बोलत नव्हते ते त्या रात्री जेवणं झाल्यावर बोलत बसले. भाऊही उठून गेला नाही.

तर माझा सल्ला. आधी ‘बनगरवाडी’, मग मधे हवं तर धारप किंवा शिरवळकर. नंतर ‘रणांगण’, दोन्ही छोट्या आहेत. ‘कोसला’ बारावीनंतर हॉस्टेलवर जाणार असाल तर तिथं गेल्यावर वाचा, जास्त मजा येईल. ‘धग’ वाचताना पहिली वीसेक पानं बोली अडेल, मोठ्यानं वाचून बघा, सुटत जाते. आमच्या परभणीचे बी. रघुनाथ कुठं मिळाले तर सोडू नका. निजामाच्या काळात बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी आपल्याकडची माणसं लिहिली आणि १९५३ मध्ये चाळिशीतच ते गेले. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात यातली बरीचशी मिळतात. कपाटात दिसली नाहीत तर ग्रंथपालांना नाव सांगून मागा, आमच्याकडचे ग्रंथपाल दुसऱ्या गावाहून मागवूनही देतात.

‘बारोमास’ सगळ्यात शेवटी ठेवा, आणि ती घरी असतानाच वाचा, होस्टेलवर नको. वाचता वाचता कुणाशी तरी बोलावंसं वाटतं आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस बहुतेक घरातच असतो.