पंचवीस तासांचं भाषण, पंधरा टक्क्यांची चाळणी

प्रश्न : सर, माझा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. तिथले सिनेटर कोरी बूकर पंचवीस तास उभे राहून बोलले, त्याचा व्हिडिओ त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी एकतीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलंय, त्यामुळे त्यांच्या पायांचं काय झालं असेल ते मला कळतं. मुलगा म्हणतो, २०२८ला राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने यांनाच उभं करावं. सूनबाई म्हणते, पक्षातच कोणी विचारणार नाही. दोघांचं रोज फोनवर माझ्यासमोर चालतं. तुम्ही निवाडा करा.
– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : बाई, निवाडा करतो, पण याच माणसावर मी एकदा पैज हरलोय हे आधी कबूल करतो. २०२०च्या जानेवारीत मी लेकीकडे होतो, तेही एडिसनलाच. बूकर तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते. माणूस साउथ कॅरोलायनापर्यंत, म्हणजे चौथ्या राज्याच्या मतदानापर्यंत, नक्की टिकतो, असं मी छातीठोकपणे म्हणालो. हरलो तर मामलेदारची मिसळ माझ्याकडून. १३ जानेवारीला, सोमवारी, मी बाहेरचा बर्फ बघत चहा घेत होतो, तर लेकीने फोनच नाकासमोर धरला. बूकर यांची माघार! आयोवात पहिलं मत पडायला अजून तीन आठवडे होते. पुढे लॉकडाउन लागला, ती मिसळ दोन वर्षांनी द्यावी लागली आणि तोवर प्लेटचा भाव वाढला होता.

आता त्या भाषणाविषयी. ३१ मार्च २०२५ला संध्याकाळी सातला ते सिनेटमध्ये ट्रम्प यांच्या कारभाराविरुद्ध बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजून गेल्यावर थांबले. २५ तास ५ मिनिटं. बसायचं नाही, बाथरूमला जायचं नाही, म्हणून त्यांनी आधीच अन्नपाणी बंद केलं होतं. यापूर्वीचा विक्रम १९५७चा, २४ तास १८ मिनिटांचा. तो होता साउथ कॅरोलायनाच्या स्ट्रॉम थर्मंड यांचा, आणि ते बोलले होते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध. तो विक्रम एका कृष्णवर्णीय सिनेटरने मोडला, म्हणून तुमच्या मुलाचे डोळे पाणावले असतील तर मी हसणार नाही. माझेही पाणावले होते. पण त्या भाषणाने एकही विधेयक अडलं नाही. आणि बाई, सप्ताहाला मांडव भरला म्हणून कीर्तनकाराला कोणी सरपंच करत नाही.

तिकीट कसं मिळतं, तिथे सगळी गोम आहे. आपल्याकडे महापालिकेचं तिकीट कसं मिळतं हे ठाणेकरांना मी काय सांगावं! शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं असताना कुणाच्या तरी गाडीतून एबी फॉर्म येतो, आणि वीस वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता तोंड बघत राहतो. अमेरिकेतही पूर्वी फार वेगळं नव्हतं. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्राथमिक निवडणुकीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानात) न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. उमेदवार ठरवणाऱ्या शिकागोच्या पक्ष-अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, पक्षाची शोभा झाली, आणि मग नियम बदलले. आता एबी फॉर्म मतदारच देतात, एकेका राज्यात, जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत.

डेमोक्रॅटिक पक्षाची चाळणी पंधरा टक्क्यांची. एखाद्या राज्यात किंवा तिथल्या मतदारसंघात पंधरा टक्के मतं पडली तर अधिवेशनातल्या प्रतिनिधींमध्ये वाटा, नाहीतर हात हलवत घरी. बूकर यांचं दुखणं इथेच आहे. लेकीच्या गल्लीत मी चार-पाच जणांना सहज विचारलं होतं. ‘कोरी ना? फार चांगला माणूस!’ मग मत कोणाला? बायडन, नाहीतर वॉरन. म्हणजे स्थळ उत्तम आहे हो, पण आमच्या मुलीसाठी नको. डिसेंबर २०१९च्या वादसभेत उभं राहण्यापुरता पाठिंबाही त्यांना दाखवता आला नाही. व्यासपीठावर दिसला नाही तो लोकांच्या डोक्यातून गेला, डोक्यातून गेला की देणगी आटते, आणि देणगी आटली की आयोवातली कचेरी बंद करावी लागते.

घरचं राज्य हात देईल म्हणावं, तर न्यू जर्सीची पाळी एरवी जूनमध्ये. २०२०ला कोविडमुळे तीही जुलैवर गेली. तुमच्या चिरंजीवांची पंगत बसेपर्यंत वरची ताटं उचललेली असतात.

एक गंमत सांगतो. बूकर यांच्यासारख्या ‘दुसऱ्या पसंतीच्या’ माणसाला सोयीची पद्धत खरं म्हणजे आयोवात होती. तिथे लोक शाळेच्या जिममध्ये जमत, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहत, आणि ज्याच्या कोपऱ्यात पंधरा टक्के भरत नसत त्याची माणसं दुसऱ्या कोपऱ्यात जात. तिथे बूकर तग धरू शकले असते. (ते वीगन, दूधसुद्धा नाही, आणि आयोवा डुकराच्या मांसाचा गड, पण ते जाऊ द्या.) २०२०ला तिथल्या निकाल कळवायच्या ॲपने दगा दिला, निकाल लटकला, आणि २०२४ला डेमोक्रॅट्सनी आयोवाचा पहिला मान काढून साउथ कॅरोलायनाला दिला.

म्हणून मुलाला सांगा, व्हिडिओ पुरे, साउथ कॅरोलायनाकडे बघ. तिथे डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. २०१९मध्ये बूकर आणि कमला हॅरिस दोघेही त्यांच्या दारात गेले, चर्चमध्ये बोलले, आणि दोघेही पहिल्या मतदानाआधीच शर्यतीबाहेर गेले. ते मतदार बायडन यांना सोडेनात. आपला माणूस हवा यापेक्षा ट्रम्प यांना पाडणारा हवा, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये बायडन सपाटून आपटले होते. मतदानाच्या तीन दिवस आधी तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. २९ फेब्रुवारीला बायडन मोठ्या फरकाने जिंकले आणि ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूसडे’ला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या मंगळवारी, शर्यत फिरली. बूकर यांना जिंकायचं तर हीच वाट आहे. पण त्या वाटेवर पाहुणा म्हणून जाऊन भागत नाही, घरचा व्हावं लागतं.

माझा निवाडा : उमेदवारीला सोळा आण्यांत तीन आणे. २०२०ला मी मनात दोन धरले होते, लेकीला मात्र आठ सांगितले. एक आणा भाषणाने वाढवला. सूनबाईंना सध्या पुढे धरा.

प्रश्न : मी घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. सिनेटर म्हणजे आपला राज्यसभेचा खासदार ना? देशाचे कायदे करणारा माणूस राष्ट्राध्यक्षपदाला सगळ्यात लायक असायला हवा. मग सिनेटर हरतात कसे?
– एक वाचक, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : आधी एक दुरुस्ती. आपल्या राज्यसभेचे बहुतेक खासदार आमदारांच्या मतांनी जातात. तिथला सिनेटर १९१३पासून थेट लोकांतून निवडून येतो. प्रत्येक राज्याचे दोन, एकूण शंभर, मुदत सहा वर्षं.

आणि तुमचं म्हणणं खरं आहे, हरतात! सिनेटर असताना थेट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले तिघेच : १९२०ला हार्डिंग, १९६०ला केनेडी, २००८ला ओबामा. गोल्डवॉटर, मॅकगव्हर्न, केरी, मॅकेन यांनी उमेदवारी मिळवली आणि पुढे हरले. उमेदवारीपर्यंतही न पोचलेल्यांची यादी द्यायची तर हे पान पुरणार नाही.

कारण तुमच्या धंद्यातलंच देतो. जानेवारी २०१७मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांनी कॅनडातून स्वस्त औषधं आणू द्यावीत अशी दुरुस्ती मांडली. ४६ विरुद्ध ५२ मतांनी ती पडली. विरोधात गेलेल्या तेरा डेमोक्रॅट्समध्ये बूकर होते. न्यू जर्सी म्हणजे औषध कंपन्यांचं माहेर, तेव्हा लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. बूकर म्हणाले, बाहेरून येणाऱ्या औषधांच्या सुरक्षिततेची तरतूद त्यात नव्हती. पुढच्याच महिन्यात ती तरतूद घालून ते सँडर्स यांच्यासोबत नवं विधेयक घेऊन आले. तुम्ही बॅच तपासणारे, तुम्हाला त्यांचं म्हणणं पटेलही. पण वादसभेत तीस सेकंदांत हे कसं पटवणार? समोरचा एवढंच म्हणतो, ‘तुम्ही स्वस्त औषधांविरुद्ध मत दिलंत.’

सिनेटरची अशी शेकडो मतं वहीत नोंदलेली असतात. २००४ला जॉन केरी म्हणून गेले की, युद्धखर्चाच्या ८७ अब्ज डॉलरच्या बाजूने मी मत दिलं होतं, नंतर विरोधात दिलं. त्या एका वाक्याच्या जाहिराती निघाल्या. हिलरी क्लिंटन यांना २००२चं इराक युद्धाच्या बाजूचं मत २००८मध्ये भोवलं. ओबामा तेव्हा सिनेटमध्ये नव्हतेच. राज्य पातळीवर होते आणि युद्धाविरुद्ध बोलून मोकळे झाले होते. सिनेटमध्ये जेमतेम चार वर्षं काढलेला माणूस जिंकला तो काही अंशी वही कोरी होती म्हणूनही. बूकर २०१३पासून तिथे आहेत.

शिवाय सिनेटरचा वेळ स्वतःचा नसतो. १९६०ला लिंडन जॉन्सन सिनेटमधलं बहुमत सांभाळत बसले; तरुण केनेडी वेस्ट व्हर्जिनियात खाणकामगारांचे हात हातात घेत फिरले आणि ती प्राथमिक निवडणूक जिंकले. २०२०च्या जानेवारीत ट्रम्प यांच्यावरचा महाभियोग सिनेटपुढे आला. शर्यतीतले सिनेटर सँडर्स, वॉरन, क्लोबुशार वॉशिंग्टनला जागेवर खिळले, आणि साउथ बेंडचे माजी महापौर पीट बुटिजेज आयोवाभर हिंडले. आयोवातून सर्वाधिक प्रतिनिधी त्यांनीच नेले.

बूकर यांची जमेची बाजूही मांडायला हवी. सात वर्षं ते नेवार्कचे महापौर होते, आणि तिथला महापौर फीत कापण्यापुरता नसतो. आपल्याकडे आयुक्त चालवतो तसं शहर तो चालवतो. दुसरं म्हणजे वेळ. त्यांच्या जागेची निवडणूक २०२६ची. ती जिंकली की २०२८ला सिनेटची खुर्ची पणाला न लावता लढता येतं. २०२०मध्ये दोन्ही निवडणुका एकाच वर्षी आल्या होत्या, म्हणून न्यू जर्सीने २०१८मध्ये दोन्ही ठिकाणी उभं राहायची मुभा देणारा कायदाच करून ठेवला. असं लाड करणारं राज्य मिळायलाही नशीब लागतं.

प्रश्न : तिकडे डिपॉझिट जप्त होतं का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आपल्या लोकसभेला २५ हजार भरायचे आणि एक षष्ठांश मतं नाही पडली तर ते गेले. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीला हजार डॉलर शुल्क असतं आणि ते भरलं की गेलंच, मतं किती का पडेनात. २०२०ला बूकर यांनी माघार घेतली तरी तिथल्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापलेलं राहिलं. ११ फेब्रुवारीला काही लोकांनी त्यापुढे खूणही केली.